पियानो तिथंच, खुर्च्या मात्र बदलत गेल्या

बँडमधला गायक सोडून गेला आणि बँड त्याच नावानं पुढे चालू राहिला, की चाहत्यांमध्ये भांडण ठरलेलं. एक गट म्हणतो, खरा बँड संपला. दुसरा म्हणतो, गाणी तीच आहेत ना, मग काय बिघडलं? पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारे लोक असल्या भांडणात पडत नाहीत, असा एक समज आहे. तो खोटा आहे. तिथलं भांडण फक्त हळू आवाजात होतं आणि बरेचदा वीस-तीस वर्षं चालतं.

हा लेख अशाच एका नावाबद्दल आहे: बोझार ट्रिओ. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, इतकीच वाद्यं. १९५५ मध्ये सुरुवात, २००८ मध्ये शेवट. या ५३ वर्षांत व्हायोलिनच्या खुर्चीवर पाच जण बसून गेले आणि चेलोच्या खुर्चीवर तीन. पियानोवर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच माणूस होता, मेनाहेम प्रेसलर.

आज कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर हे नाव टाकलंत तर सगळं एकाच ओळीत येतं. साठच्या दशकातलं बीथोव्हेन आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी मुद्रित झालेलं मेंडेल्सन शेजारी-शेजारी. व्हायोलिन कोणाचं, चेलो कोणाचा, हे शोधायला अल्बमचं कव्हर झूम करावं लागतं. ॲपच्या दृष्टीनं हा एकच कलाकार आहे. आणि गंमत म्हणजे या ट्रिओवर लिहिणारे बरेच लोकही हेच कौतुकानं सांगत आले: माणसं बदलली, पण आवाज तोच राहिला.

मला हे पटत नाही. गेली काही वर्षं मी या ट्रिओची मुद्रणं तारखेनुसार लावून ऐकतो आहे, आणि मला आवाज बदलताना स्वच्छ ऐकू येतो. माझं म्हणणं असं की तो बदलला हीच या ट्रिओची खरी कमाई आहे. तोच राहिला असता तर प्रेसलर हा चांगला व्यवस्थापक ठरला असता, मोठा संगीतकार नव्हे. अर्थात या गोष्टीला एक दुखरी बाजूही आहे, तिच्याकडे नंतर येतो.

तिघं, पण समान कुठे?

आपल्या मैफलीत बसण्याची जागाच सगळं सांगते. गायक मध्ये, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. साथ कितीही उत्तम झाली तरी ती साथ असते, आणि चांगल्या साथीदाराला आपण किती पुढे यायचं हे पक्कं ठाऊक असतं. पियानो ट्रिओबद्दल मात्र सांगितलं जातं की तिथे तिघं समान. पुस्तकात हे वाचायला छान वाटतं. इतिहास वेगळंच सांगतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी हायडन अशा रचना लिहीत होता तेव्हा त्या छापल्या जायच्या पियानोच्या सोनाटा म्हणून, आणि खाली लिहिलेलं असायचं: व्हायोलिन व चेलोच्या साथीसह. म्हणजे उघडउघड एक मुख्य आणि दोन साथीदार. चेलोला तर बरेचदा पियानोवाल्याच्या डाव्या हाताची ओळच पुन्हा वाजवायची असे. त्याला व्यावहारिक कारणही होतं. त्या काळच्या पियानोचा खर्ज क्षीण होता, सूर लगेच विरायचा. चेलो त्याला आधार द्यायचा.

पुढे दोन गोष्टी घडल्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं गेल्या. बीथोव्हेन, शूबर्ट, मेंडेल्सन यांनी तारवाद्यांना त्यांचं स्वतःचं बोलणं दिलं, त्यामुळे कागदावर तिघं बरोबरीला आले. त्याच काळात पियानो लाकडी चौकटीतून लोखंडी चौकटीत गेला, त्याच्या तारा जाड झाल्या, सभागृहं मोठी झाली. कागदावर समानता आली आणि मंचावर एक हत्ती आला. आजचा मोठा कॉन्सर्ट पियानो मनात आणलं तर व्हायोलिन आणि चेलो दोघांना मिळून गिळू शकतो. म्हणून ट्रिओ वाजवताना पियानोवाल्यासमोर पहिला प्रश्न असतो तो आपण किती कमी व्हायचं हा.

विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकारांनी हे कोडं किती बारकाईनं सोडवलं ते पाहायचं तर रावेलची १९१४ सालची ट्रिओ ऐका. महायुद्ध सुरू झालं होतं, रावेलला सैन्यात जायची घाई होती, आणि त्या घाईतच ही रचना पुरी झाली. तो व्हायोलिन आणि चेलो यांना अनेकदा दोन सप्तकांच्या अंतरावर एकच धून वाजवायला लावतो आणि मधल्या मोकळ्या जागेत पियानोचा उजवा हात बसवतो. कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. पहिल्या भागाची लय आठ मात्रांची आहे, तीन, दोन, तीन अशी मोडलेली. बास्क प्रदेशातल्या नाचावरून घेतलेली. मात्रा मोजायची सवय असलेल्या कानाला ती पहिल्या मिनिटातच पकडता येते.

नाव आधी कोणाचं?

बोझारच्या आधी नावाजलेल्या ट्रिओ नव्हत्या असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्तो, थिबो आणि कासाल्स हे तीन दिग्गज एकत्र वाजवत. अमेरिकेत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस रुबिनस्टाइन, हायफेट्झ आणि प्यातिगोर्स्की एकत्र आले, तेव्हा त्यांना चक्क दशलक्ष डॉलरवाली ट्रिओ म्हटलं गेलं. पण या सगळ्यांचा मुख्य धंदा एकट्यानं वाजवण्याचा. ट्रिओ हा सवडीचा संसार. रुबिनस्टाइन आणि हायफेट्झ यांच्यात तर जाहिरातीत कोणाचं नाव आधी यावं यावरून खटका उडाला, आणि ही जोडी फार टिकली नाही.

बोझार ट्रिओनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, नावात कोणाचंच नाव घेतलं नाही. दोन, ट्रिओ हाच मुख्य उद्योग मानला. वर्षाचे कितीतरी महिने गावोगाव, विमानतळ, हॉटेलं, आणि सतत तीच तीन माणसं. स्ट्रिंग क्वार्टेट असं जगत होते. पियानो ट्रिओनं असं जगणं, तेही अर्धशतक, हे तोवर सहसा कोणी केलं नव्हतं.

सुरुवात मात्र बदली कामगारासारखी झाली. प्रेसलरला मोझार्टच्या ट्रिओ मुद्रित करायच्या होत्या, त्यासाठी दोन साथी शोधले गेले. १३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतल्या टँगलवूडच्या महोत्सवात दुसऱ्या एका ट्रिओच्या जागी त्यांना उभं राहावं लागलं. कार्यक्रम गाजला, पुढची आमंत्रणं आली, आणि थोड्या दिवसांसाठी जमलेली मंडळी बांधली गेली.

त्या दिवशीची वयं बघा. व्हायोलिनवर दानिएल गिले, वय ५६. चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस, वय ३९. पियानोवर प्रेसलर, वय ३१. घरातला सगळ्यात लहान तोच.

दोघं ज्येष्ठ आणि एक शिकाऊ

गिले जन्मानं रशियातला, वाढला पॅरिसमध्ये. तिथल्या प्रसिद्ध काल्व्हे क्वार्टेटमध्ये तो दुसरं व्हायोलिन वाजवायचा. महायुद्धात अमेरिकेला आला आणि तोस्कानिनीच्या एनबीसी ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर झाला. तोस्कानिनी म्हणजे एका चुकीच्या स्वरासाठी आकाशपाताळ एक करणारा कंडक्टर. तिथून आलेला माणूस तालमीत कसा असेल याची कल्पना करता येते. गिलेची जीभ तिखट होती, हे प्रेसलर पुढे मुलाखतींत मोकळेपणानं सांगायचा, आणि सगळ्यात जास्त शिकलो ते त्याच्याकडूनच, हेही.

त्या काळातली मुद्रणं ऐकताना मला गिलेचं व्हायोलिन सडसडीत वाटतं. कंप अरुंद आणि जलद, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जुन्या पॅरिसच्या पद्धतीची हलकी घसरण. आज इतकं मोकळेपणानं कोणी घसरत नाही. त्याच्याबरोबर वाजणारा प्रेसलर चपळ आहे, बोटं लखलखीत, थोडा घाबरल्यासारखा सावध. जणू बाजूला कोणी तरी छडी घेऊन बसलंय.

ग्रीनहाउसची गोष्ट वेगळी. न्यू जर्सीचा हा मुलगा महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये प्रादला पाब्लो कासाल्सकडे शिकायला गेला. त्या शिकवणीचा एक किस्सा त्यानं अनेकदा सांगितला आहे. बाखचा एक सूट कासाल्सनं त्याला शिकवायला घेतला. प्रत्येक बोट, गजाचा प्रत्येक फेरा, अगदी कासाल्ससारखाच. कित्येक आठवडे हेच. शेवटी शिष्य गुरूची हुबेहूब नक्कल करू लागला, आणि आपलं असं काही उरलंच नाही म्हणून मनातून खट्टू झाला. तेव्हा कासाल्सनं चेलो घेतला आणि तोच सूट पुन्हा वाजवला. सगळी बोटं बदललेली, सगळे गज बदललेले, उच्चार वेगळा. बाखमध्ये मोकळं कसं व्हायचं ते आता कळलं असेल, असा त्याचा अर्थ होता.

घराण्याच्या तालमीबद्दल थोडं जरी वाचलं असेल तर ही गोष्ट परकी वाटणार नाही. आधी गुरूच्या गळ्यातून जसंच्या तसं घ्यायचं, मग त्यातून बाहेर पडायचं. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारणाऱ्याचं गाणं पोकळ होतं, आणि पहिलीवरच थांबलेला आयुष्यभर नक्कल करत राहतो. बोझार ट्रिओची पुढची सगळी कहाणी मला या किस्स्यात दिसते. नवा माणूस आला की त्याला ट्रिओची सवय घ्यावी लागे, आणि तो ती घेऊन थांबला नाही तरच ट्रिओ जिवंत राही.

तिसरा प्रेसलर. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा, ज्यू. वडिलांचं कपड्यांचं दुकान. नोव्हेंबर १९३८ च्या त्या फोडाफोडीच्या रात्री दुकान उद्ध्वस्त झालं. त्यानंतरही एका चर्चचा ऑर्गनवादक या मुलाला पियानो शिकवत राहिला, हे त्या दिवसांत सोपं नव्हतं. १९३९ मध्ये कुटुंब इटलीमार्गे पॅलेस्टाइनला निसटलं. मागे राहिलेले आजी-आजोबा आणि इतर नातेवाईक मारले गेले. त्या धक्क्यानं मुलाला अन्न जाईना. बीथोव्हेनची ओपस ११० ही सोनाटा वाजवता वाजवता तो एकदा कोसळला. त्यानं स्वतःच सांगितलेली ही आठवण आहे, आणि संगीतानंच आपल्याला परत उभं केलं असं तो म्हणत असे. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची देब्युसी स्पर्धा जिंकून तो अमेरिकेत पोचला.

हे मुद्दाम सांगितलं. कारण 'प्रेसलर इतका हळुवार का वाजवतो' या प्रश्नाला भावुक उत्तर देण्याचा मोह होतो. मला वाटतं उत्तर साधं आहे. सगळं हातातून गेलेला माणूस हाती आलेल्या दोन माणसांना घट्ट धरून ठेवतो, आणि धरून ठेवायचं तर त्यांचं ऐकावं लागतं.

दुसऱ्या व्हायोलिनचा कान

साठचं दशक संपत आलं तेव्हा वयामुळे गिले बाहेर पडला. त्याच्या जागी ब्रुकलिनचा इसिडोर कोहेन आला. तोही आधी दुसरं व्हायोलिन वाजवायचा, ज्युलियार्ड क्वार्टेटमध्ये. म्हणजे या ट्रिओच्या व्हायोलिनच्या खुर्चीवर सगळ्यात जास्त काळ बसलेली दोन्ही माणसं क्वार्टेटमधल्या दुसऱ्या खुर्चीवरून आली. हा निव्वळ योगायोग असेलही. पण दुसरं व्हायोलिन म्हणजे आतला आवाज. त्याच्या वर एक जण गातोय, खाली दोघं आधार देतायत, आणि मधलं सगळं शिवून घ्यायचं काम याचं. अशा माणसाला सगळ्यांचं ऐकल्याशिवाय जगताच येत नाही. ट्रिओत व्हायोलिन एकच असतं, त्यामुळे तिथे असा माणूस पुढे येऊन वाजवतो, पण कान आतल्या माणसाचाच राहतो.

कोहेन-ग्रीनहाउस-प्रेसलर हे त्रिकूट जवळपास वीस वर्षं टिकलं. त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे फिलिप्स कंपनीसाठी सत्तरच्या दशकात पुरी केलेली हायडनच्या ट्रिओंची संपूर्ण मालिका, एकूण ४३ रचना. ग्रामोफोन मासिकानं १९७९ ची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा गौरव केला. पण पुरस्कारापेक्षा मला त्यामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्या रचनांत चेलोला स्वतःचं असं फारसं काही नाही, त्या ४३ रचना ग्रीनहाउससारख्या चेलोवादकानं का वाजवाव्यात? आणि आताच्या दणदणीत पियानोला खर्जाचा आधार हवाच कशाला?

उत्तर ऐकायचं असेल तर यातली ई मेजरमधली, क्रमांक २८ ची ट्रिओ लावा. हायडननं ती लंडनमधल्या पियानोवादक टेरेसा यान्सेन बार्तोलोझी यांना अर्पण केली होती. पहिल्याच क्षणी तिघं एकत्र येतात, व्हायोलिन आणि चेलोच्या तारा गज बाजूला ठेवून बोटांनी छेडलेल्या. पियानो आणि तारा यांचा मिळून एक नवाच आवाज तयार होतो, तंतुवाद्य आणि घंटा यांच्या मधला. त्यातलं एक वाद्य काढून टाका, जादू संपते.

मधला भाग आणखी विलक्षण आहे. ई मायनरमध्ये एक खर्जाची चाल पावलं टाकत येते, तिघं एकसुरात, पाठीमागे एकही सुरावट नाही. मग पियानो एकटाच ती चाल डाव्या हातात ठेवून उजव्या हातानं लांबलचक बोलत राहतो. इथे मला प्रेसलर सगळ्यात धाडसी वाटतो, कारण तो काहीच करत नाही. पेडल कमी, चढउतार मोजके. दोघं परत येतात तेव्हा मोठ्यानं न वाजवताही खोली भरल्यासारखी वाटते.

पियानोचा सूर वाजला की त्या क्षणापासून मरायला लागतो. त्याला वाढवता येत नाही. चेलोचा सूर मात्र वाजल्यानंतर फुगवता येतो, वळवता येतो, थोडा लांबवून सोडता येतो. ग्रीनहाउस तीच ओळ पियानोबरोबर वाजवतो तेव्हा पियानोच्या सुराला मेल्यानंतरचं आयुष्य मिळतं. ४३ रचनांत तो हे काम करतो, कुठेही 'इकडे बघा' असं न म्हणता. साथ म्हणजे दुय्यम काम असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर ऐकावं.

एकच रचना, दोनदा

आता आवाज बदलला हा माझा दावा तपासून पाहू. मेंडेल्सनची डी मायनर ट्रिओ, १८३९ ची. सुरुवात चेलोची, एक लांब, अस्वस्थ धून. खाली पियानो ठोका चुकवून धडधडत राहतो. पुढे पियानोवर नोटांचा असा पूर येतो की वाजवणाऱ्याला स्वतःच्या बोटांचं कौतुक वाटू लागणं साहजिक आहे. पण धून बहुतेक वेळा बाकी दोघांकडे असते. म्हणजे सर्वांत जास्त कष्ट करणारा माणूस इथे साथीदार आहे.

ही रचना बोझार ट्रिओनं गिलेच्या काळात मुद्रित केली आणि मग शेवटच्या फळीनं, डॅनियल होप आणि अंतोनियो मेनेसेस यांच्यासह, २००० नंतरच्या दशकात पुन्हा.

पहिल्यात ग्रीनहाउस ती धून घाई न करता सांगतो, गडद आणि थोडी राखून. प्रेसलरचा पियानो खाली स्वच्छ, ताणलेला, धावायला टपलेला. सगळ्यांना कुठे पोचायचं आहे ते माहीत आहे. दुसऱ्यात मेनेसेसचा चेलो अधिक गोल आणि उजळ आहे. होपचं व्हायोलिन एकाच ओळीत कुजबुजीपासून हाकेपर्यंत जातं. आणि प्रेसलर बदललेला आहे. बोटं पूर्वीइतकी लखलखीत नाहीत, पण नोटांच्या पुरातही तो मधूनच अशी जागा सोडतो की दुसऱ्याला श्वास घेता यावा. वाक्याच्या शेवटी तो थांबतो, वाट पाहतो. तिशीतला प्रेसलर वाट पाहत नव्हता.

कोणतं चांगलं? मी पहिलं जास्त वेळा लावतो. दुसऱ्यानं मला जास्त शिकवलं. पण ही दोन्ही एकाच कलाकाराची दोन मुद्रणं आहेत असं कोणी म्हटलं, तर मला ते कानाशी प्रामाणिक वाटत नाही.

नवी मान, जुना चेलो

ग्रीनहाउसचा चेलो स्ट्रॅडिव्हारीनं १७०७ मध्ये बनवलेला होता. काउंटेस ऑफ स्टेनलाइन हे त्याचं नाव, एकेकाळी तो पॅगॅनिनीकडेही होता. ट्रिओ सोडल्यानंतर ग्रीनहाउसनं तो न्यूयॉर्कचे कारागीर रने मोरेल यांच्याकडे दुरुस्तीला दिला. त्या दुरुस्तीवर ग्रीनहाउसचे जावई, लेखक निकोलस डेलबँको यांनी पुस्तकच लिहिलं. ट्रिओवरचं त्यांचं एक पुस्तक त्याआधीच आलं होतं.

अशा तीनशे वर्षांच्या वाद्याबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्ट्रॅडिव्हारीच्या जवळपास सगळ्या वाद्यांची मूळ मान आज उरलेली नाही. एकोणिसाव्या शतकात सभागृहं वाढली, जास्त ताण सोसायची गरज पडली, तेव्हा माना बदलल्या, आतली आधारपट्टी बदलली. तारा तर सतत बदलतातच. तरी कोणी त्याला नकली म्हणत नाही. तो बदलला म्हणूनच वाजत राहिला, नाहीतर संग्रहालयाच्या काचेमागे गेला असता. ग्रीनहाउस २०११ मध्ये गेला आणि त्यानंतर हा चेलो माँट्रियलच्या तरुण स्तेफान तेत्रोच्या हातात आला.

ट्रिओचंही असंच झालं. १९८७ मध्ये ग्रीनहाउसनं निरोप घेतला, पीटर वायली आला. १९९२ मध्ये कोहेन गेला आणि इस्तंबूलमध्ये जन्मलेली इडा कवाफियान आली, या ट्रिओतली पहिली आणि एकमेव स्त्री. १९९८ मध्ये ती आणि वायली दोघंही बाहेर पडले. तेव्हा कोरियाचा यंग उक किम आणि ब्राझीलचा मेनेसेस आले. २००२ मध्ये किमच्या जागी होप, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, तिशीच्या आतला. प्रेसलर तेव्हा ७८ वर्षांचा. १९५५ मध्ये त्याच्यात आणि सर्वांत थोरल्यात २५ वर्षांचं अंतर होतं, आता त्याच्यात आणि सर्वांत धाकट्यात त्याच्या दुप्पट.

दुखरी बाजू

इथे माझी तक्रार. ज्या ट्रिओनं मुद्दाम कोणाचंच नाव घेतलं नाही, ती ट्रिओ नव्वदच्या दशकात सगळ्यांच्या तोंडी प्रेसलरची ट्रिओ झाली होती. एक माणूस कायम आणि बाकीचे येऊन-जाऊन, अशी रचना झाली की समानतेबद्दल कितीही चांगला हेतू असला तरी नव्यांना पाहुण्यासारखं वाटणारच. तालमीत मतभेद झाला तर एका बाजूला चाळीस वर्षांचा अनुभव आणि दुसऱ्या बाजूला दोन वर्षांचा. हे मत मांडण्याची बरोबरी नाही. कवाफियान आणि वायली यांनी बाहेर पडून स्वतःचा ओपस वन हा पियानो क्वार्टेट उभा केला, आणि पुढे वायली ग्वार्नेरी क्वार्टेटमध्ये गेला. म्हणजे एकत्र वाजवण्याची त्यांची हौस संपली नव्हती.

दुसरी तक्रार रचनांच्या निवडीबद्दल. नेड रोरेमसारख्या संगीतकारानं त्यांच्यासाठी लिहिलं, शोस्टाकोविच आणि आइव्हज त्यांनी वाजवले. पण ५३ वर्षांची कारकीर्द आणि एवढं वजन पाहता, आपल्या काळातल्या संगीतकारांकडून त्यांनी याहून कितीतरी जास्त लिहून घ्यायला हवं होतं. जे आहे ते उत्तम सांभाळायचं हा त्यांचा स्वभाव होता. त्या स्वभावातून हायडनची मालिका आली. त्याच स्वभावामुळे त्यांच्या नंतरच्या पिढीला वाजवायला नवं फार काही उरलं नाही.

या दोन्ही गोष्टी मान्य करूनही शेवटाबद्दल मला आदर वाटतो. होपनं स्वतःच्या कामासाठी बाहेर पडायचं ठरवलं. सहावा व्हायोलिनवादक शोधणं प्रेसलरला अवघड नव्हतं, रांग लागली असती. नावाला किंमत होती, तारखा मिळाल्या असत्या. त्यानं थांबायचं ठरवलं. ऑगस्ट २००८ मध्ये टँगलवूडला, जिथे सुरुवात झाली तिथेच, अमेरिकेतला शेवटचा कार्यक्रम झाला. सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या लुसर्नला ट्रिओचा शेवट. नाव विकत राहता येत असताना ते मिटवणं, हे तुमच्या-माझ्या काळात किती बँड करतात?

ट्रिओ थांबली, माणूस थांबला नाही. इंडियाना विद्यापीठात १९५५ पासून सुरू असलेलं शिकवणं चालूच होतं. नव्वदीत त्यानं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं. ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये तो गेला, ९९ वर्षांचा होऊन. मेनेसेस त्यानंतर वर्षभरानं, २०२४ मध्ये गेला.

आता ॲपवर उरल्या आहेत त्या फाइली, सगळ्या एकाच नावाच्या. ऐकायच्या असतील तर एक विनंती: शफल बंद करा. आधी गिलेच्या काळातलं काही, मग कोहेनबरोबरचं हायडन, मग होप आणि मेनेसेसबरोबरचं मेंडेल्सन, याच क्रमानं ऐका. प्रत्येक वेळी व्हायोलिनवाल्याचं नाव वाचून मगच प्ले दाबा. आणि पियानोवर थोडं जास्त लक्ष ठेवा. तो कधी वाजवतो यापेक्षा कधी कमी होतो, कोणासाठी कमी होतो, आणि वयाप्रमाणे ते कमी होणं कसं बदलत जातं, ते ऐका. पन्नास वर्षांत एक माणूस वेगवेगळ्या आठ जणांकडून कसा शिकत गेला, त्याची इतकी सलग नोंद दुसरीकडे सहज मिळणार नाही.